माल हिरवा पोहोचला

या मित्रांनो, बसा. जरा जपून, त्या कडेचा दगड हलतो. माझ्या अंगावर धूळ फार आहे, पण तिला नावं ठेवू नका. तिच्यात अजून केळीच्या पानांचा चुरा आहे. मी मालधक्का आहे. जळगावहून चाळीसगावकडे येताना एक बारकं स्टेशन लागतं, मेलगाड्या ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत असलं. त्याच्या मागच्या अंगाला मी सतरा वर्षं पडून आहे. तुम्ही मला ओटा समजून वर चढलात, शेंगा खाल्ल्यात, टरफलं इथंच टाकलीत. असू द्या. आता बसलाच आहात, तर माझी गोष्ट ऐकूनच उठा.

माझा जन्म बासष्ट सालचा. त्याआधी इथं बाभळी होत्या आणि पलीकडे गाव. गिरणेच्या पाण्यावर या शिवारात केळी अशी यायची की एकेक घड उचलायला दोन माणसं लागावीत. पण उचलून न्यायची कुठं? चाळीसगावच्या मोठ्या धक्क्यापर्यंत बैलगाडीला दिवस लागे. वाटेत खाचखळगे, नाल्याचा उतार, घडावर घड आदळायचे. तिथं पोहोचेपर्यंत निम्मी केळी ठेचाळून काळी पडायची. तिकडे रावेर-सावद्याची केळी मात्र थेट दिल्लीला जायची आणि तोऱ्यात विकली जायची. केळं तेच, मेहनत तीच. त्यांच्या दारात रेल्वेचा धक्का होता आणि आमच्या दारात बाभळी.

चाळीसगावचे माणकचंद शेठ केळीचे व्यापारी. धोतर गुडघ्याच्या वर खोचून वखारीत उभे राहायचे आणि ठेचाळलेलं केळं हातात घेऊन हळहळायचे. "पितांबरभाऊ," ते म्हणायचे, "केळीचा भाव बागेत ठरत नाही, वाटेत ठरतो. तुम्ही वाट करा, दिल्ली मी बघतो."

हे पितांबर म्हणजे आमच्या गावचे पितांबर आबा. उंच, शिडशिडीत, बोलणं कमी आणि हेका जास्त. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. त्यांनी रेल्वेकडे अर्जावर अर्ज केले. शेवटी उत्तर आलं: मालगाडीचे डबे उभे करायला आडवा रूळ आम्ही टाकू, धक्का आणि तिथवरची वाट गावानं करावी, आणि पहिल्या हंगामात, होळीपर्यंत, चाळीस वाघिणी भरल्या नाहीत तर रूळ उचलून नेऊ. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, मित्रांनो. घाबरू नका, पोट भरलेलं असलं की ती गरीब असते.

धक्का करायला गाव तयार होतं. वाटेचं घोडं अडलं. गाव आणि स्टेशन यांच्या मधोमध पितांबर आबांचंच वावर होतं, काळंभोर, विहिरीकाठचं. आबांनी दोन गाड्या शेजारी शेजारी जातील एवढी रुंद पट्टी वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुकट दिली. उभी केळी कापून दिली. त्यांच्या पत्नी सुमनबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाल्या, "लोके पोरले जमीन देतस. तुम्ही मालगाडीले दिधी!"

आबा हसले आणि म्हणाले, "मालगाडीबी पोरच शे. दख, कमाई आनी."

झालं! सगळं गाव कामाला लागलं. नाल्यातला काळा दगड फोडून आणला, चुना कालवला. सातपुड्याच्या पायथ्याहून मजुरीला आलेली माणसं त्यात होती, आणि त्यांच्यात चमेलीबाई होती. विशीतली, काटक, हातात चांदीची जाड कडी. ती डोक्यावर चुंबळ ठेवून दगड आणायची आणि गवंड्याला म्हणायची, "नीट बसाड रे, हालाले नको." माझ्या पाठीवरचे निम्मे दगड तिच्या डोक्यावरून आलेले आहेत. मला जन्म कुणी दिला असं विचाराल तर मी गवंड्याचं नाव सांगत नाही, तिचं सांगतो.

दिवाळीनंतर पहिल्या तीन वाघिणी आल्या. मला काय ते कौतुक! हार बांधले, नारळ फुटला. पट्टीच्या नव्या वाटेनं पंचवीस बैलगाड्या एकामागं एक आल्या. स्टेशनमास्तरांनी डब्यावर खडूनं 'दिल्ली' लिहिलं. दिल्ली मी पाहिलेली नाही. पण तेव्हापासून तिचं नाव माझ्या नाकासमोर इतक्या वेळा लिहिलं गेलं की मला ती शेजारच्याच गावासारखी वाटते.

आता ऐका, इथंच सगळं बिघडलं. आमच्याकडे केळी बैलगाडीत भरायची एक रीत होती. खाली पानं, बाजूला पानं, वर पानं. लेकीला सासरी पाठवताना शालीत गुंडाळतात तशी. उघड्या गाडीत ऊन लागू नये, धूळ बसू नये म्हणून. त्यातून दिवस थंडीचे. कडाक्याच्या थंडीनं केळं काळं पडतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आबांनी वाघिणीत चढून पाहिलं तर तिच्या भिंतींना वरच्या बाजूला झापांच्या फटी. आबांना वाटलं, रेल्वेवाल्यांना केळीतलं काय कळतं? त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक फट पानांच्या बोळ्यांनी गच्च बुजवली. दारं लावून फटीत गवत कोंबलं. मायेनं केलं हो सगळं. गावानं वाहवा केली. मीसुद्धा मनातल्या मनात केली.

आठवड्यानं माणकचंद शेठ स्वतः आले. हातात तार होती. त्यांनी ती वाचून दाखवली नाही, नुसती आबांच्या हातात दिली. तिन्ही वाघिणींतला माल दिल्लीत दार उघडताच पिवळा निघाला होता, आणि आतला काळा. केळं हिरवं पोहोचलं तरच तिथं पिकवून विकता येतं; याला बाजारात कुणी हात लावला नाही. सगळा फेकावा लागला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! गाव चिडलं. ज्यांनी आठ दिवसांपूर्वी माझ्यावर हार घातले, तेच आता मला पाण्यात पाहू लागले. कुणी म्हणालं, बैलगाडीच बरी. कुणी म्हणालं, आबांच्या हट्टापायी बठ्ठं बुडालं. आबा तडक स्टेशनमास्तरांसमोर उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "तुम्ही वाघिणी कुठेतरी चार दिवस सडवल्या! आमच्या केळ्याला नावं ठेवायची सोय केली!"

मास्तर गरीब माणूस. ते एवढंच म्हणाले, "आबा, गाडी एक दिवससुद्धा थांबली नाही. मी ठिकठिकाणी विचारून घेतलंय." पण आबांनी ऐकलं नाही. रागाला कान नसतात.

त्यानंतर धक्क्यावर एकही बैलगाडी येईना. होळी जवळ येत होती आणि चाळीसपैकी भरल्या होत्या अवघ्या तीन. पट्टीच्या वाटेवर गवत उगवायला लागलं. आबा रोज तिथं येऊन उभे राहायचे, विहिरीकडे बघायचे, परत जायचे. मी मुका, काय करणार? मला एवढंच कळत होतं की रूळ उचलले तर माझे दगडही लोक गोठ्याला नेतील. आणि या माणसाला आपल्याच वावरातून मान वर करून चालता येणार नाही.

शेवटी आबांनी एक वाघीण मागवली. एकट्याची. स्वतःची अख्खी बाग उतरवली. "गाव नही येत तर नको येवू," ते म्हणाले. मजूर म्हणून तीच सातपुड्याकडची माणसं होती. चमेलीबाई वाघिणीत उभी राहून घड रचत होती आणि आबा पुन्हा फटी बुजवत होते, या खेपेला आधीपेक्षा घट्ट. पानांवर पानं, बोळ्यांवर बोळे. संध्याकाळपर्यंत वाघीण भरत आली. थोडे घड राहिले ते सकाळी चढवायचं ठरलं. दारं लावून सगळे घरी गेले.

सकाळी चमेलीबाईनं दार सरकवलं आणि ती तिथंच थांबली. डोक्यावरचा घड तिनं हळूच माझ्यावर ठेवला. आत वाकून दोन घडांच्या मध्ये कोपरापर्यंत हात घातला. मग बाहेर काढून नाकाशी नेला.

"आबा," ती म्हणाली, "हाई तर आढी शे."

"काय?"

"आढी. आम्ही आंबा पिकाडाले घालतस ना, गवतमा दाबीसन, वारा बंद करीसन? तशीच ऊब शे आठे. तसाच वास शे."

आबांचा चेहरा लाल झाला. तीन पिढ्या केळी लावणारं घर, आणि ही डोंगरातून आलेली पोरगी! "तू माले केळं शिकाडस?" ते गरजले.

चमेलीबाई घाबरली नाही. ती साधेपणानं म्हणाली, "केळं तुम्हले माहीत, आबा. माले आढी माहीत."

मित्रांनो, त्या क्षणाला आबा रागानं निघून गेले असते, तर आज तुम्ही बसलात ती जागा नसती. ते गेले नाहीत. खाली मान घालून वाघिणीत चढले आणि त्यांनीही कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ तो हात तसाच होता. ज्या फटी रेल्वेनं हवेसाठी ठेवल्या होत्या, त्याच आपण बुजवल्या होत्या! थंडीच्या भीतीनं, मायेच्या भरात, तीन वाघिणी भरून आपण दिल्लीला केळी नव्हे, आढीच पाठवली होती.

आबांनी वरच्या फटीतला पहिला बोळा उपटला आणि बाहेर फेकला. मग दुसरा. मग तिसरा. चमेलीबाई दुसऱ्या बाजूनं उपटू लागली. माझ्या पाठीवर पानांचा ढीग झाला.

"थंडीनं काळं पडनं तर?" आबांनी हळूच विचारलं. त्यांनी कुणाला काही विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"खाले पानं ऱ्हाऊ द्या, दारनाकडे गवत लावा. वरतीना वारा मोकया सोडा," ती म्हणाली. "पोरलेबी पांघरुन घालतस, पन नाक झाकतस का?"

वाघीण दुपारच्या मालगाडीला लागली. ती डोळ्याआड झाल्यावर आबा सरळ मास्तरांकडे गेले. तो बाजाराचा दिवस होता. स्टेशनासमोर सगळं गाव होतं. ज्या जागी उभं राहून ते ओरडले होते, त्याच जागी उभे राहिले, टोपी काढली आणि मोठ्यांदा म्हणाले, "रेल्वेनी चूक नही. मन्ही चूक शे. मी फटी बुजाड्यात. हाई माले चमेलीनी सांगं." मग मास्तरांना हात जोडले. मास्तरांनाच अवघडल्यासारखं झालं, ते म्हणाले, "आबा, चहा घ्या." काही लोक हसले, खोटं कशाला सांगू? पण हसणाऱ्यांनाही कळलं होतं की हे असं म्हणायला छाती लागते.

त्यानंतरचे सहा दिवस मला सहा वर्षांसारखे गेले. ही वाघीणही फेकली गेली असती, तर आबांची बाग गेली, पट्टी गेली, शब्द गेला आणि मीही गेलो. आबा माझ्या कडेला येऊन बसायचे. चमेलीबाई मुद्दाम दुसऱ्या कडेला बसायची. दोघंही रुळाकडे बघत.

सातव्या दिवशी पट्टीच्या वाटेनं माणकचंद शेठ येताना दिसले. शेठ माणूस, पोट सुटलेलं, पण चक्क पळत येत होते! एका हातात धोतर, एका हातात तार. धापा टाकत त्यांनी या वेळी ती स्वतः वाचली: "माल हिरवा पोहोचला. आणखी पाठवा."

आबांनी तार घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि चमेलीबाईच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती कपाळाला लावली. मी दगड आहे, पण त्या दिवशी माझ्या चुन्याला पाझर फुटला असता तरी मला लाज वाटली नसती.

त्या दुपारी माझ्यावर वांग्यांचं भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली. सुमनबाई स्वतः टोपली घेऊन आल्या. आबांना वाढताना म्हणाल्या, "तुम्हना पोरनी पहिली कमाई आनी बरं का!" आणि पदरात तोंड लपवून हसल्या.

मग काय विचारता! होळीपर्यंत चाळीसच्या जागी त्रेपन्न वाघिणी गेल्या. पुढची वर्षं माझी भरभराटीची. जिथं एक बाग होती तिथं दहा झाल्या. विहिरींवर इंजिनं आली, ती दुरुस्त करणारा आला, दोर वळणारा आला, चहाची टपरी आली. गावात हायस्कूल उभं राहिलं. घडभरणीची मुकादम म्हणून आबांनी चमेलीबाईला नेमलं. बाप्ये कुरकुरले, बाईच्या हाताखाली काम कसं करायचं! आबा म्हणाले, "वारा तिले समजना, तुम्हले समजना का?" आमच्या बोलीत समजना म्हणजे समजला. विषय संपला. ती प्रत्येक वाघिणीत शेवटी चढायची, हात वर करून एकेक फट चाचपायची आणि उतरताना म्हणायची, "जाऊ दे." तिच्या तोंडून ते आल्याशिवाय मास्तरसुद्धा दार लावू देत नसत.

आणि गावाला एक सवय लागली. दोन माणसं भेटली की "कसं काय?" नाही विचारायची. "माल हिरवा?" एक विचारायचा. "हिरवा शे!" दुसरा म्हणायचा. लग्न ठरलं, पोरगं पास झालं, बाळंतीण सुखरूप सुटली, सगळ्याला उत्तर एकच: माल हिरवा शे.

सुखाचे दिवस सांगायला वेळ लागत नाही, मित्रांनो, आणि संपायलाही. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. वीस दिवस एक वाघीण आली नाही. कोण बरोबर, कोण चूक, ते मला कळत नाही; मला बागेत उतरलेल्या केळीचं काय होणार, एवढंच दिसत होतं. तेव्हा पट्टीच्या वाटेनं पहिला ट्रक आला. चमेलीबाईनंच तो भरला, त्याच्या फळ्यांच्या फटी मोकळ्या ठेवून. मला वाटलं, पाहुणा आहे, जाईल. पण त्याला माझी गरज नव्हती. तो थेट बांधावर जायचा, आणि बांधावर जो येतो त्याच्याकडे माल जातो. मी त्याच्यावर रागावलो नाही असं नाही. खूप रागावलो. माझ्याही काळी मी बैलगाडीच्या पोटावर पाय दिलाच होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या महिन्यात रेल्वेचे लोक आले. त्यांचा नियम आहे, माल नाही तिथं रूळ नाही. सकाळच्या उन्हात ते एकेक रूळ मोकळा करत होते. पितांबर आबा काठी टेकत आले. आता सत्तरी उलटली आहे. सुमनबाई नाहीत. ते इथंच, तुम्ही बसलात तिथं, बसले. थोड्या वेळानं चमेलीबाई आली. केस पिकायला लागलेत, कडी तीच.

बराच वेळ दोघं रूळ निघताना बघत राहिले. मग आबा म्हणाले, "चमेली, सतरा वरीस झायात. पट्टी गई, आते रूळबी गयात. मी गावले काय दिधं वं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण मला तोंड नाही. तेवढ्यात गावाकडून ट्रक आला. आबांच्या वावरातून, त्याच पट्टीवरून, जी आता डांबरी झाली आहे. काठोकाठ केळी. खाली पानं, बाजूला पानं, आणि वर ताडपत्रीची कड दोन्हीकडून वितभर उचलून बांधलेली, वारा जायला. चमेलीबाई उठली. मुकादमीच्या काळात ओरडायची तशी ओरडली, "ए भाऊ! माल हिरवा?"

ड्रायव्हर बाहेरगावचा, तरणाताठा. त्याला ना वाघीण माहीत, ना ती तार, ना आढी. या गावात जे ऐकून शिकला होता तेच तो खिडकीतून म्हणाला, "हिरवा शे, अक्का!" आणि निघून गेला.

चमेलीबाई खाली बसली. "ऐकं ना, आबा?" ती म्हणाली. "माल पोचना." पोहोचला, असं ती म्हणत होती.

आबांनी टोपीनं डोळे पुसले. "पोचना," ते म्हणाले.

बस, एवढीच माझी गोष्ट. मला पुन्हा रूळ आणून द्या असं मी म्हणत नाही. फक्त उठताना टरफलं गोळा करा आणि त्या हलणाऱ्या दगडाच्या फटीत पिंपळाचं रोप आलंय, ते आत्ताच उपटून टाका. पुढच्या वर्षी ते तुमच्या हातानं निघायचं नाही. तो दगड चमेलीबाईनं आणलेला आहे. आणि घरी जाल ते डांबरी पट्टीवरूनच जाल. डाव्या हाताला एक विहीर लागेल. तिथं जरा हळू चाला, मित्रांनो. तुम्हाला ती वाट वाटेल, पण ते पितांबर आबांचं वावर आहे.